इमूंनी गिळलेला डंक

मु. पो. जाधववाडी, ता. पाटण, जि. सातारा
९ फेब्रुवारी

श्री. तात्यासाहेब कुंभोजे,
कुंभोजे हळद भांडार, सांगली.

नमस्कार. ओळखपाळख नसताना लिहितोय, त्याची माफी आधीच मागून ठेवतो.

तुमच्या दुकानाच्या नंबरावर मी अकरा वेळा फोन केला. पहिल्या खेपेला एका बाईंनी उचलला. मी म्हणालो, "मॅडम, माझे पैसे चुकून तुमच्या खात्यात आलेत, तेवढे परत पाठवा." त्या म्हणाल्या, "कालच्यानं पण हेच सांगितलं होतं. आज आवाज बदललास व्हय रे?" त्यानंतर फोन लागतच नाही. म्हणून हे स्पीड पोस्ट.

मी निवृत्त सुभेदार नाथाजी पानस्कर. अठ्ठावीस वर्षं सिग्नलमध्ये काढली. बर्फात, वाळवंटात, कुठंही असो, माझ्या हातून एक संदेश भलत्या ठिकाणी गेला नाही. रिटायर झाल्यावर गेला, आणि तोही एक लाख चाळीस हजारांचा.

झालं असं. माझी पत्नी शालूबाई इथल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. गटात चौदाजणी. चार वर्षं पै-पै साठवून प्रत्येकीनं दहा हजार काढले, कारण त्यांना मिरची कुटायचा डंक घ्यायचाय. आमच्या वाडीत डंक नाही. उन्हाळा लागला की बायका मिरचीची पोती घेऊन एसटीनं पाटणला जातात, दिवसभर रांगेत बसतात आणि संध्याकाळी लाल होऊन परत येतात. कराडचा कृष्णात हे यंत्र बनवतो. त्यानं फोनवर खातं नंबर सांगितला आणि मी तो हाताशी आलेल्या कागदावर लिहून घेतला. तो कागद म्हणजे तुमच्या दुकानाची गेल्या वर्षीची हळदीची पावती. आमच्या घरात दोन्ही बाजू भरल्याशिवाय कागद टाकत नाहीत, वडिलांपासूनची शिस्त आहे.

४ तारखेला बँकेत गेलो आणि फॉर्म भरताना पावती उलटी धरली. माझ्या अक्षरातला नंबर मागं गेला आणि तुमचा छापील नंबर पुढं आला. छापील म्हणून तो जास्त भरवशाचा वाटला. तोच लिहिला, बँकेचा कोडही तिथलाच. नाव मात्र कृष्णातचं. पण बँकेचं यंत्र नाव वाचत नाही, नुसता आकडा बघतं, असं आता सांगतात.

शालूला अजून काही सांगितलेलं नाही. पैसे माझ्या हाती देताना गटातल्या तानुबाई म्हणाल्या होत्या की मी खजिनदार आहे तर मीच जाते. तेव्हा शालू सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचं हे मिल्ट्रीतलं हायत. त्यांचं काम चुकत न्हाई."

तात्यासाहेब, या एका वाक्यामुळं मला घरात बसवत नाही. तेवढे पैसे परत करा. मार्चमध्ये मिरची येते.

आपला,
नाथाजी पानस्कर


सांगली
१७ फेब्रुवारी

नाथाजी पानस्कर (किंवा जे कोणी असाल ते),

जयजिनेंद्र. पत्र मिळाले. वाचून चांगली करमणूक झाली.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो. लबाड माणूस नेहमी मिलिटरीतला असतो. जुना सोफा विकणारा मिलिटरीतला, भाड्याने घर घेणारा मिलिटरीतला. माझी सून प्रीती हल्ली गल्ल्यावर बसते, तिने अशा चौघांना वाटेला लावले आहे. तुम्ही पाचवे. चौदा बायका, डंक, पावतीची मागची बाजू हे सगळे मात्र तुम्ही मेहनतीने रचले आहे, त्याबद्दल शाबासकी. ओटीपी मागू नये. तो कुठे असतो हे मलाच माहीत नाही.

शिवाय पावतीवरचे ते खाते जुने आहे. बारा वर्षांपूर्वी मी पाच हजार पावत्या एकदम छापून घेतल्या, त्यातल्या नऊशे अजून शिल्लक आहेत, म्हणून तो नंबर अजून छापलेला दिसतो. त्या खात्याकडे मी ढुंकून पाहत नाही आणि पाहण्याची इच्छाही नाही.

तरी माणसाने शंकेला जागा ठेवावी. खरोखर पाटणचे असाल तर सांगा, कोयनेचा भूकंप झाला की तुमच्याकडची माणसे काय करतात? आणि बँकेच्या फॉर्मची झेरॉक्स पाठवा.

उत्तर दुकानाच्याच पत्त्यावर धाडा. पाकिटावर 'हळदीच्या भावाबाबत' असे ठळक लिहा, म्हणजे ते दुसरे कोणी फोडणार नाही.

ता. बा. कुंभोजे


जाधववाडी
२२ फेब्रुवारी

तात्यासाहेब,

भूकंप झाला की आमच्याकडची माणसं काही करत नाहीत. चहा पीत असली तर कपाखाली बशी धरतात. नवा आलेला मास्तर तेवढा पळत बाहेर येतो आणि पोरं त्याला हसतात. झालं समाधान?

सोबत बँकेच्या फॉर्मची झेरॉक्स, माझ्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, पेन्शनचा कागद, आणि १९९४ सालचा वायरलेस सेटबरोबरचा फोटो जोडलाय. फोटोत मी डावीकडं आहे, उजवीकडं सेट आहे. फोटो परत पाठवा, एकच आहे.

इकडं माझी हालत वाईट आहे. शालूनं विचारलं, "डंक कवा येतोय?" मी म्हणालो, रंग चाललाय. चार दिवसांनी परत विचारलं. मी म्हणालो, रंग वाळतोय. काल म्हणाली, "कुठला रंग लावलाय म्हनायचा? आमची भित दोन तासात वाळती." मी म्हणालो, हा मिलिट्री ग्रेडचा आहे. अठ्ठावीस वर्षांत वरिष्ठांसमोर मी इतकं खोटं बोललो नाही.

त्यात आता बायकांनी मिरची आणायला सुरुवात केलीय. डंक आमच्याच पडवीत बसणार, मग मिरचीपण आमच्याकडंच ठेवू, असं ठरलं. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, सगळी मिळून पावणेदोन क्विंटल मिरची घरात आहे. मी रोज सरासरी साठ वेळा शिंकतो. शेजारचा कुत्रा आमच्या दारात यायचा बंद झालाय. शालू सारखी विचारते, "तुमची तब्येत बरी हाय न्हवं?" तिला संशय आलाय हे नक्की.

बँकेत जाऊन खातं बघा. हात जोडतो.

नाथाजी


सांगली
२ मार्च

सुभेदारसाहेब,

जयजिनेंद्र. आधी कान पकडतो. तुम्ही खरे आहात. फोटो परत पाठवत आहे. सेट छान दिसतो आहे.

परवा 'मी मार्केट यार्डात जातो' असे घरी सांगून लक्ष्मीछाया नागरी सहकारी बँकेत गेलो. पावतीवरचे ते खाते याच बँकेतले. तुमचे एक लाख चाळीस हजार तिथे ४ तारखेला दुपारी २ वाजून ११ मिनिटांनी आले होते. आणि २ वाजून १२ मिनिटांनी ते बँकेने घेतले.

आता जे सांगतो ते पत्र वाचून झाल्यावर जाळा. निदान मिरचीच्या पोत्याखाली घाला.

बारा वर्षांपूर्वी माझा शाळेपासूनचा मित्र भाऊसो एक फॉर्म घेऊन आला आणि म्हणाला, "तात्या, पक्षी पाळतोय, जामीन राहा." मी विचारले, "कशासाठी पक्षी?" तो म्हणाला, "शोभेसाठी." मी सही केली. नंतर कळले की ते चाळीस इमू होते आणि त्यांची अंडी व मांस विकून भाऊसो लखपती होणार होता. मी जैन माणूस. आमच्या घरात संध्याकाळी दिवा लावतानासुद्धा किडा जळू नये म्हणून काच लावतात. आमची गुणमाला रोज सकाळी चिमण्यांना ज्वारी टाकते आणि त्यानंतरच चहा घेते. तिच्या नवऱ्याने चाळीस पक्ष्यांच्या मांसाला जामीन राहावे! मी बारा वर्षे हे पोटात ठेवले आहे.

इमूंचा धंदा बसला. भाऊसो पुण्याला मुलाकडे निघून गेला. कर्ज थकले आणि वसुलीचा काटा जामीनदाराकडे, म्हणजे माझ्याकडे वळला. म्हणून मी त्या खात्यात एक पैसा येऊ देत नव्हतो. तिथे तुम्ही एक लाख चाळीस हजार घेऊन आलात.

शाखाधिकारी वीरधवल मोहिते म्हणून तरुण गृहस्थ आहेत. ते म्हणाले, थकबाकीदाराच्या खात्यात रक्कम आली की ती वळती करून घेणे हा बँकेचा हक्क आहे, कुठून आली हे बघणे आमचे काम नाही. भाऊसोची बाकी १,३९,६४० होती, ती फिटली. उरले ३६० रुपये. त्यातून मेसेजचा चार्ज ३५४ गेला. खात्यात सध्या सहा रुपये आहेत. ते तुमचेच आहेत, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

बँक ऐकत नाही, माझा नाइलाज आहे. मी माझ्या खिशातून दरमहा अडीच हजार आणि पाच किलो उत्तम हळद पाठवीन. साडेचार-पावणेपाच वर्षांत फिटेल. कृपा करून रागावू नका.

आपला ऋणी,
तात्यासाहेब


लक्ष्मीछाया नागरी सहकारी बँक लि., सांगली
८ मार्च

प्रति, श्री. नाथाजी पानस्कर, जाधववाडी.

महोदय,

आपला दि. ४ मार्चचा तक्रार अर्ज प्राप्त झाला. अर्जातील भावना बँकेपर्यंत पोहोचल्या. अर्जाबरोबर पाकिटातून काही तिखट पदार्थाची पूडही पोहोचल्याने आवक विभागाचे काम अर्धा दिवस बंद ठेवावे लागले, याची नोंद घ्यावी.

आपण नमूद केलेली चूक ही सर्वस्वी आपली आहे. रक्कम मात्र, खात्यात जमा होताच, बँकेच्या समायोजनाच्या हक्कास पात्र ठरली. बँक आपल्या चुकीत भागीदार नसल्याने ती रक्कम परत करण्यातही भागीदार होऊ शकत नाही.

तथापि, सदर रक्कम स्वतःची नसल्याचे खातेदाराने लेखी कळविल्यास बँक फेरविचार करू शकेल. तसे आम्ही खातेदारास दि. २९ फेब्रुवारी रोजी समक्ष सांगितले होते. आजअखेर त्यांच्याकडून असे कोणतेही पत्र आलेले नाही.

आपल्या पुढील आर्थिक व्यवहारांसाठी आमच्या आकर्षक ठेव योजनांचा अवश्य विचार करावा.

वीरधवल मोहिते
शाखाधिकारी


जाधववाडी
१२ मार्च

तात्यासाहेब,

बँकेच्या पत्राची झेरॉक्स जोडलीय. तिसरा परिच्छेद तुमच्यासाठी आहे, मोठ्यानं वाचा. नको, मोठ्यानं वाचू नका, गुणमालाताई ऐकतील.

म्हणजे नुसती एक सही. "हे पैसे माझे नाहीत" एवढं लिहायचं आणि खाली कुंभोजे. ते तुम्ही केलं नाहीत आणि मला मात्र पावणेपाच वर्षं हळद पाठवणार होता.

माझी पुतणी अंकिता साताऱ्याला वकिली शिकते. मी तिला 'एका मित्राची केस' म्हणून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, हा मित्र तुम्हीच ना?" मग म्हणाली, बँकेनं खातेदाराचे पैसे घ्यावेत, पण चुकून आलेले पैसे खातेदाराचे होतच नाहीत. देवळाबाहेर तुमची चप्पल चुकून तात्यांच्या पायात गेली, म्हणून तात्यांचा सावकार ती काढून नेऊ शकतो का? पण चप्पल माझी नव्हे, हे पायातल्या माणसानं बोलायला पाहिजे ना, असंही ती म्हणाली. कोर्टात भांडता येईल, पण त्याला वर्षं लागतील. इथं मिरचीला पंधरा दिवस आहेत, उन्हात ठेवून ठेवून तिचा रंग उडायला लागलाय.

तानुबाई काल सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कृष्णातचा नंबर द्या, म्या इचारते." मी म्हणालो, त्याला गालगुंड झालंय, बोलता येत नाही. शालू माझ्याकडं बघत राहिली. तात्या, तिचं ते बघणं मला जास्त लागलं.

तुम्ही गुणमालाताईंना घाबरता, मी शालूला घाबरतो. आपल्यात फरक एवढाच की तुमच्या भीतीचं भाडं चौदा बायका भरताहेत.

नाथाजी


सांगली
१८ मार्च

सुभेदारसाहेब,

तुमचे पत्र चार दिवस हळदीच्या डब्यात ठेवले होते. दर वेळी उघडून वाचत होतो. तुम्ही लिहिलेले सगळे खरे आहे. मी लपवले. मोहिते म्हणाले होते, "सही केलीत तर कर्ज पुन्हा उभे राहील आणि मग नोटीस घरच्या पत्त्यावर जाईल." माझा हात तिथेच थांबला. ते हसून असेही म्हणाले, "मार्चअखेर जवळ आलीय तात्या, वसुलीचा आकडा छान दिसतोय, कशाला हलवता?"

आता पुढची गंमत ऐका. गंमत कसली, माझे मरण आहे. बारा वर्षांचे थकीत कर्ज एकरकमी फेडले म्हणून बँकेने माझे नाव 'आदर्श जामीनदार' पुरस्कारासाठी काढले आहे. २७ तारखेला सांगलीत मोठा समारंभ आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. निमंत्रणाची पत्रिका थेट घरी आली आणि गुणमालेच्या हातात पडली.

मला वाटले, संपले. पण पत्रिकेवर इमूंचा उल्लेख नव्हता, नुसते 'मित्रासाठी दिलेला शब्द पाळणारे' असे लिहिले होते. गुणमालेच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "एवढं मोठं काम क्येलासा आन् मला सांगितलं पन न्हाई?" तिने नवीन इरकल घेतली आहे. माहेरच्या सतरा माणसांना बोलावले आहे. गोमटेशने, म्हणजे माझ्या मुलाने, माझ्यासाठी कोट शिवायला टाकला आहे. प्रीती समारंभाचे शूटिंग करणार आहे. कालपासून माझ्या चहात साखर जास्त पडते आहे. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षे झाली, गुणमालेने माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते.

मी काय करू ते तुम्हीच सांगा.

तात्यासाहेब


जाधववाडी
२१ मार्च

तात्या,

मी काय सांगणार? मला सांगता आलं असतं तर आधी माझ्या घरात सांगितलं असतं.

कोट कसा झालाय ते कळवा.

नाथाजी


सांगली
२८ मार्च

प्रिय नाथाजीराव,

कोट बगलेत घट्ट झाला. बाकीचे सविस्तर सांगतो.

हॉल भरला होता. चारशे माणसे तरी असतील. पहिल्या रांगेत गुणमाला इरकल नेसून, शेजारी तिची सतरा माणसे. अध्यक्षांनी मानपत्र वाचले. 'जामीनदार म्हणजे काय, हे आजच्या पिढीने कुंभोजे यांच्याकडून शिकावे' असे त्यात होते. शाल घातली, नारळ दिला. मोहित्यांनी माइक पुढे केला आणि हळूच म्हणाले, "दोनच शब्द बोला, पुढं जेवणं आहेत."

मी घरून दोन वाक्ये पाठ करून नेली होती. आभार, आणि बँकेची भरभराट होवो. पहिले वाक्य बोललो. मग गुणमालेकडे पाहिले. ती टाळ्या वाजवायला हात तयार ठेवून बसली होती. नाथाजीराव, मला तिच्या त्या हातांची लाज वाटली. खोट्या कामाला ती टाळ्या वाजवणार, आणि मी घरी जाऊन गोड चहा पिणार. मला ते जमेना.

मी म्हणालो, "मंडळी, ह्ये कर्ज म्या फेडलेलं न्हाई. ह्ये पैसं पाटणच्या नाथाजी पानस्कर सुभेदारांचं हायत. चौदा बायकांनी चार वर्सं साठिवलेलं. चुकून माज्या खात्यात आलं आन् बँकेनं एका मिनिटात गिळलं. मला ठावं हुतं आन् मी गप बसलो. कारन कर्ज इमूंचं हुतं. भाऊसोच्या चाळीस इमूंना म्या जामीन हुतो."

मागचा आचारी पुऱ्या लाटायचा थांबला. आणि पहिल्या रांगेतून गुणमाला उठून म्हणाली, "किती इमू म्हनलासा?"

मी माइकवरच म्हणालो, "चाळीस."

"त्यांचं काय झालं?"

"कुनी घेतलंच न्हाईत. एकबी कापला न्हाई. म्हातारं हून मेलं. दोन अजून भाऊसोच्या रानात हायत, मोटारसायकलच्या मागं लागत्यात."

ती खाली बसली. मग मागून एक सभासद उठला आणि म्हणाला, "व्हय वो सायेब, उद्या माझं पैसं चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलं तर तुमी असंच खानार काय?" दुसरा म्हणाला, "ठेवी काढून घ्याव्या लागतील की मग." पाच मिनिटांत निम्मा हॉल उभा होता. मोहित्यांनी घाम पुसला आणि तिथेच, मानपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, 'सदर रक्कम माझी नाही' असे माझ्याकडून लिहून घेतले. मी मोठी सही केली. अध्यक्ष म्हणाले, परवा सकाळी पैसे परत. मी शाल काढून दिली, नारळ मात्र त्यांनी परत घेतला नाही.

रिक्षाने घरी आलो. दार लावल्यावर गुणमाला म्हणाली, "मी इमूंसाठी रागावले न्हाई. बारा वर्सं तुमी माज्याम्होरं बसून जेवलासा आन् ह्ये येकटं गिळत बसलासा, त्याचा राग हाय." आणि मग तिने आठ दिवस माझ्याशी न बोलण्याचा नियम घेतला आहे. आज पहिला दिवस आहे. तरी सकाळी मला रिक्षात घालून भाऊसोच्या रानात नेले आणि त्या दोन इमूंना ज्वारी टाकायला लावली. एकाने माझ्या कोटाचे बटण खाल्ले.

कर्ज आता पुन्हा उभे आहे. गोमटेश म्हणतो, हप्ते पाडून घेऊ, आणि भाऊसोला पुण्याहून बोलावून घेऊ. प्रीतीने तुमचा नंबर अनब्लॉक केला आहे. ती माफी मागते.

नाथाजीराव, माझे पाप तुम्ही दोन महिने शिंकून फेडलेत. पैसे पोहोचल्याचे कळवा.

तुमचा,
तात्या


जाधववाडी
९ एप्रिल

प्रिय तात्या,

पैसे ३० तारखेलाच पोहोचले. पूर्ण एक लाख चाळीस हजार. मी त्याच दिवशी कराडला जाऊन कृष्णातच्या हातात रोख दिले. खातं नाही, नंबर नाही, कागद नाही. ४ एप्रिलला डंक आला. बायकांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पहिलं पोतं शालूनं ओतलं. त्याचा आवाज कोयनेच्या भूकंपापेक्षा मोठा आहे. सगळी वाडी शिंकतेय आणि सगळी वाडी खूश आहे. उशीर का झाला, हे कुणी विचारलंच नाही. तानुबाईसुद्धा म्हणाल्या, "येळ लागला, पन यंतर बेस हाय."

म्हणजे मी सुटलो होतो. कुणाला कधी कळलंही नसतं.

पण तुमचं २८ तारखेचं पत्र खिशात होतं. तुम्ही चारशे माणसांत माइकवर बोललात, आणि मी इथं एका बायकोसमोर बसून तिखटाची चव चाखून 'वा वा' म्हणत होतो. मला तुमचा हेवा वाटला, तात्या. खरंच सांगतो. माणूस एवढा बदनाम होऊनसुद्धा मोकळा कसा होतो, हे त्या पत्रात दिसत होतं.

काल सकाळी शालू अंगणात मिरच्यांची देठं काढत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि तुमची सगळी पत्रं तिच्या पुढ्यात ठेवली. म्हणालो, डंकाला कुठला रंग-बिंग दिलेला नव्हता. कृष्णातला गालगुंड झालं नव्हतं. मी गटाचे पैसे चुकीच्या खात्यात टाकले होते, आणि दोन महिने तुझ्याशी रोज खोटं बोललो. तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस की ह्यांचं काम चुकत नाही. ते चुकलं.

शालूचे हात थांबले. मी खाली बघत होतो. वाटलं, आता म्हणेल, माझा शब्द घालवलासा. ते ऐकायची तयारी करूनच बसलो होतो.

वर बघितलं तर ती रडत होती. मी म्हणालो, "अगं, पैसे मिळाले परत. सगळे मिळाले."

ती म्हणाली, "पैश्याला काय करायचंय? दोन म्हयनं झालं तुमी नीट जेवत न्हाईसा. कुठं बगत बसतासा. पोस्टमन आला की उठून पळतासा, पाकीट लपीवतासा. त्यावर हळदीच्या दुकानाचं नाव लिवलेलं, पर मला वाटलं दवाखान्याचं कागद हायत. मोठा आजार झालाय आन् मला कळू देत न्हाईत. मी तानुबाईच्या गळ्यात पडून रडून आले. त्याच म्हनल्या, इचारू नगं, त्यांचं त्ये सांगतील."

मग पदरानं डोळे पुसले. त्या हाताला मिरची होती, त्यामुळं आणखी पाणी आलं. तशीच माझ्याकडं बघून म्हणाली,

"एक लाख चाळीस हजारच व्हय? मला वाटलं, तुमी चाललासा."

तुमचा,
नाथा